वेजेस ऑफ फिअर: एक तास झाला तरी ट्रक हलला नाही, पुढं बघू का?

चोपडा_चौफुली

नमस्कार मंडळी. जुने ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर बघायची सवय मला आत्ता आत्ता लागलीय. एका मित्राने सांगितलं, थरार काय असतो ते बघायचं असेल तर वेजेस ऑफ फिअर बघ, फ्रेंच आहे, १९५३ चा, दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लुझो. त्याने गोष्ट सांगितली ती एवढीच, की लांब कुठंतरी तेलाच्या विहिरीला आग लागलीय, ती विझवायला नायट्रोग्लिसरीन न्यायचंय, दोन ट्रक, चार माणसं, रस्ता बेकार, आणि गाडीला जरा जोरात हादरा बसला की संपलं. म्हटलं हा तर आजच बघायचा.

काल रात्री मळ्यातून आलो, जेवलो आणि लावला. तर काय, एक तास नुसतं ते गाव. लास पिएद्रास नावाचं, दक्षिण अमेरिकेतलं. ऊन, धूळ, एक हॉटेल, त्याच्यासमोर बसलेली रिकामी माणसं, एक उघडं पोरगं झुरळांना दोरी बांधून खेळतंय, मग विमानातून तो जो नावाचा म्हातारा येतो आणि भाव खातो, मग ह्याचं त्याचं भांडण. घड्याळ बघितलं तर तास उलटून गेला होता आणि ट्रक काय स्टार्ट होईना. माय पण म्हणे काय बघून राहिला रे एवढं, झोप आता. बंद केला.

दोन प्रश्न आहेत. एक, हा पहिला तास सोडून डायरेक्ट ट्रकपासून बघितलं तर चालेल का? आणि दुसरं, मित्राने एक छोटी क्लिप दाखवली होती त्यात खराब रस्त्यावर ते म्हणतात की एकतर एकदम हळू चालवायची नाहीतर एकदम जोरात, मधल्या स्पीडला मरण. हे खरं असतं का पिक्चरपुरतं? शेवट मात्र सांगू नका, हात जोडून विनंती.

रावेर_लाईन

भाऊ, पुढं ढकलू नको. कारण सांगतो पण आधी तुझा दुसरा प्रश्न घेतो कारण तो आमच्या घरातला आहे.

माझे मोठे काका बावीस वर्षं गाडीवर होते, सावद्याहून केळी भरून दिल्ली. तेव्हा पुठ्ठ्याचे खोके नव्हते, घडच्या घड रचायचे, खाली वर केळीची पानं. मी हा पिक्चर त्यांच्यासोबत बघितला, त्यांना फ्रेंच नाही कळत आणि खालची इंग्रजी अक्षरंही नाही, मी सांगत होतो. तो रस्त्याचा सीन आला तेव्हा मी तोंड उघडायच्या आधी काकाच म्हणाले, "पत्रा आला."

पन्हाळी पत्रा कसा असतो, नुसत्या लाटा, तसा रस्ता होतो. खडी-मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर जड गाड्या सारख्या गेल्या की आपोआप तशा आडव्या लाटा पडतात. त्याच्यावर मधल्या स्पीडने गेलास की प्रत्येक खळगीत चाक उतरतं आणि परत वर येतं, गाडीचा नटबोल्ट ढिला होतो, कॅबिनमधला माणूस दातावर दात आपटतो. एकदम हळू गेलास तर चाक लाट चढतं उतरतं, हादरा नाही. आणि जोरात गेलास तर चाकाला खाली उतरायला वेळच मिळत नाही, ते फक्त लाटांच्या माथ्यावरून जातं, आणि गाडी सपाट रस्त्यावर असल्यासारखी शांत होते. पिक्चरमध्ये ४० मैलाचा आकडा आहे म्हणजे ६४ च्या आसपास किलोमीटर, आणि हळू म्हणजे ६ मैल, आपलं दहाच्या आत. तर ते खरंय भाऊ, शंभर टक्के खरंय. पण जोरात जाण्यात एक गोम आहे, चाक अर्धा वेळ हवेत असतं म्हणून ब्रेकही धड लागत नाही आणि स्टेअरिंगही हलकं होतं. म्हणजे शांत वाटतं तेव्हाच गाडी तुझ्या हातात सगळ्यात कमी असते.

आता क्लुझोने काय केलंय बघ. मागची गाडी जोरात येतेय, तिला हळू होता येत नाही. पुढची हळू चाललीय, तिला जोरात होता येत नाही. टिकटिक करणारं घड्याळ नाही, कोणी पिस्तूल घेऊन मागं लागलेला नाही, नुसता दोन गाड्यांचा स्पीड. माझे काका सोफ्यावर पाय दाबत होते, जिथं ब्रेक असतो तिथं.

आता पहिल्या तासाचं. पुढं एक वळण येतं, डोंगरात, एवढं तोकडं की गाडी एका दमात फिरत नाही, मागं लाकडाच्या फळ्यांचा एक कुजका प्लॅटफॉर्म आहे त्याच्यावर रिव्हर्स घ्यायची आणि मग वळायचं. खाली दरी. आता रिव्हर्स घेताना ड्रायव्हरला काय दिसतं? काही नाही. क्लीनर मागं उभा राहतो, येऊ दे येऊ दे करतो आणि बॉडीवर थाप मारतो, त्या थापेवर ड्रायव्हरचा जीव असतो. काका म्हणतात क्लीनर बदलला की पहिले चार दिवस ते घाटात झोपायचेच नाहीत, कारण त्याची थाप अजून कळलेली नसायची. तर त्या प्लॅटफॉर्मवर मागं उभा असलेला माणूस कसा आहे, तो कशाला घाबरतो, कशासाठी खोटं बोलतो, हे तुला त्या पहिल्या तासातच सांगून झालेलं असतं. तो तास गाळलास तर तुला फक्त ट्रक दिसेल.

शहादा_सातपुडा

रावेरकरांनी छान सांगितलं. मला त्या पहिल्या तासाबद्दल वेगळं बोलायचंय, थोडं लांबेल.

मी धडगाव-अक्कलकुवा भागात शाळेवर आहे. आमच्याकडं पावसाळ्यात, घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायचं, तिथं जी मजुरी होईल ती उचलीत कापून घ्यायची. बाहेरचे लोक आम्हाला विचारतात, हे लोक उचल घेतातच कशाला, पोरांची शाळा बुडते हे कळत नाही का यांना. कळतं. उचल घेणाऱ्या बापाइतका बारीक हिशोब कोणी केलेला नसतो, फक्त त्याच्यासमोर दोनच खाने असतात आणि दुसरा रिकामा असतो.

मला हा पिक्चर त्यासाठी फार जवळचा आहे. त्या गावात विमानतळ आहे, विमान उतरतं, उडतं. आणि तरी कोणाला जाता येत नाही, कारण तिकिटाला पैसे नाहीत, कोणाकडं कागद नाहीत, काम नाही, आणि जे काही थोडं काम आहे ते एकाच अमेरिकन तेल कंपनीच्या हातात. बसून राहणं हेच तिथलं काम झालंय. क्लुझोने ते बसणं कापलं असतं, दहा मिनिटांत ट्रक काढले असते, तर आपण म्हटलं असतं ही माणसं येडी आहेत, पैशासाठी जीव देतात. एक तास त्यांच्यासोबत त्या उन्हात बसल्यावर आपल्याला तसं म्हणता येत नाही. कंपनीची पाटी लागते, माणशी २००० डॉलर, तेव्हा आपल्यालाच वाटतं की चला, सुटका आली.

आणि कंपनी ह्याच लोकांना का घेते ते नीट ऐक. कंपनीचा साहेब स्पष्ट सांगतो, ह्यांची युनियन नाही, आणि गेले तर विचारायला येणारं कोणी नाही. तो राक्षस नाहीये, घाम पुसत बोलतो, त्याला घाई आहे, आग लागलीय. म्हणून ते वाक्य जास्त लागतं.

ज्यांची निवड होत नाही त्यांच्यातल्या एका पोराचं काय होतं तेही बघ. जीव धोक्यात घालायची संधी गेली म्हणून तो पोरगा मोडून पडतो. मी हा भाग बघून उठून बाहेर गेलो होतो.

जुना_पडदा_धुळे

थोडी माहिती टाकतो, चोपडेकरांना बघताना उपयोगी पडेल.

मूळ कादंबरी जॉर्ज आर्नोची, १९५० ची. आर्नो हे टोपणनाव, खरं नाव आंरी जिरार. वडील, आत्या आणि घरातली मोलकरीण यांच्या खुनाचा खटला त्याच्यावर चालला होता, १९४३ मध्ये तो निर्दोष सुटला, आणि नंतर दक्षिण अमेरिकेत जाऊन पडेल ती कामं करत राहिला. म्हणजे त्या हॉटेलासमोर बसलेल्या माणसांना तो आतून ओळखत होता.

गाव दक्षिण अमेरिकेतलं असलं तरी शूटिंग सगळं दक्षिण फ्रान्समध्ये झालं, बरंचसं कामार्ग भागात. गाव सेट लावून उभं केलं. पडद्यावर जी धग दिसते ती बघून हे पटत नाही.

मारिओ, म्हणजे जोसोबत ट्रक चालवणारा हिरो, झालाय इव्ह मोंतां, तोवर लोक त्याला मुख्यतः गायक म्हणून ओळखायचे. जोचा रोल आधी झां गाबँला विचारला होता, त्याने नको म्हटलं, लोकांना मी भित्रा दिसलेला आवडणार नाही म्हणून. मग शार्ल व्हानेलने केला आणि कान महोत्सवात त्याच्या कामाची खास नोंद घेतली गेली. पिक्चरला १९५३ मध्ये कानचं मुख्य बक्षीस आणि त्याच वर्षी बर्लिनचं गोल्डन बेअर, दोन्ही मिळाली. अमेरिकेत दाखवताना तेल कंपनीवर टीका असलेला बराच भाग कापला होता, म्हणून कॉपी बघताना लांबी तपासा, अडीच तासांच्या आसपासची असेल तीच बघा. विल्यम फ्रीडकिनने १९७७ मध्ये ह्याच गोष्टीवर सॉर्सरर केला, तोही जबरदस्त आहे, पण आधी हा.

आणि कोणी काय भाषा बोलतंय तिकडं लक्ष ठेवा. फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी, इटालियन, जर्मन सगळं मिसळलेलं आहे. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर रात्री दोन वाजता जसं ऐकू येतं तसं.

यावल_विहीर

आधी एक शंका बऱ्याच जणांना असते, स्फोटाने आग कशी विझते. जमिनीतून गॅस आणि तेल जोरात वर येत असतं आणि त्याच्या वर ज्योत पेटलेली असते. तिथंच मोठा स्फोट केला की ज्योतीजवळची हवा एका झटक्यात ढकलली जाते, ज्योत तेलापासून तुटते. दिव्यावर फुंकर मारतो तसंच. मग आजूबाजूचं तापलेलं लोखंड पाणी मारून गार ठेवावं लागतं नाहीतर परत पेटतं. म्हणून ते नायट्रोग्लिसरीन पाचेकशे किलोमीटर लांब न्यायचं, म्हणजे जळगावहून निघून मुंबईच्याही पुढं, आणि खास तयार केलेल्या गाड्या नाहीत, साधे ट्रक.

आता माझं. माझे आबा विहिरी फोडायचे. तापीकाठी गाळाची जमीन आहे तिथं एवढं नाही, पण सातपुड्याच्या पायथ्याला आणि तिकडं अजिंठ्याच्या डोंगराकडं काळा पाषाण लागतो, तिथं सुरुंगाशिवाय विहीर खाली जात नाही. एकाने छिन्नी धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, होल पाडायचं. मग त्यात जिलेटिनची कांडी, ती उडवणारी छोटी टोपी, वात. वाती पेटवायच्या आणि दोराला धरून वर. पेटवणारा शेवटचा वर यायचा आणि तो बहुतेक वेळा आबाच असायचे.

नायट्रोग्लिसरीन हे त्या कांडीच्या आतलं मूळ औषध. पातळ असताना ते कधी उडेल भरवसा नाही. १८४७ मध्ये सोब्रेरो नावाच्या इटालियन माणसाने ते बनवलं. आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ त्याच्याच स्फोटात गेला, १८६४ मध्ये. नोबेलने ते एका मातीत जिरवलं, त्याचं डायनामाइट झालं, १८६७ मध्ये पेटंट घेतलं, आणि मग कुठं माणसाला ते हातात धरून चालता आलं. पिक्चरमधली माणसं ते पातळच घेऊन चाललीत.

आबांची एक सवय सांगतो. आठ होलं भरली तर वर येऊन, झाडाआड बसून, ते आवाज मोजायचे. अंगठा करंगळीच्या पेराला लावायचा, एक, मग पुढचं पेर, दोन. सगळे पोरं कान झाकून बसायचे, आबा कान उघडे ठेवायचे. आठ झाले की बिडी पेटवायची. सात झाले तर कोणी बोलायचं नाही. त्या दिवशी विहिरीत कोणी उतरायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिला उतरायचा तो तेच. न उडालेला सुरुंग तसाच बसलेला असतो.

पिक्चरमध्ये रस्त्यात एक मोठा दगड आडवा पडलेला असतो, तो फोडायला बिंबा नावाचा माणूस दगडात होल पाडून त्यात ते औषध ओततो. संगीत नाही, काही नाही. आबांना मी हा सीन मोबाईलवर दाखवला, त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "हात बघ त्याचा. खांदा हलत नाही, नुसतं मनगट." तो नट होता हे मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले असेल, पण कोणीतरी शिकवलंय त्याला.

पानेवाडी_टँकर

मी टँकर चालवतो, मनमाडजवळच्या पानेवाडी तेल डेपोतून भरून धुळे शिरपूर साइड. हा पिक्चर हॉल्टवर कॅबिनमध्ये मोबाईलवर बघितला, दोन दिवस लागले. लोकांना वाटतं भरलेला टँकर अवघड. तसं नाही, भरलेला टँकर एकजीव चालतो. अर्धा भरलेला असला की आतला माल हेलकावतो, तुम्ही ब्रेक मारला की क्षणभर काही नाही, आणि मग मागून धक्का येतो. आत खाने असतात तरी कळतंच. मारिओ ब्रेक मारल्यावर थांबतो ना, एक क्षण, श्वास धरून, ते मी ओळखलं. एवढंच लिहायला आलो. चोपडा भाऊ पूर्ण बघा.

चोपडा_चौफुली

बघितला. पहिल्यापासून परत लावला, सगळा. सगळ्यांचे मनापासून आभार. आता खाली शेवटाबद्दल लिहितोय, ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथंच थांबा.

पहिली गोष्ट, तो तास ह्या वेळी लांब वाटलाच नाही. शहादावाले सरांचं उचलीचं डोक्यात होतं. आमच्या चौफुलीवर सकाळी मजूर उभे राहतात, टेम्पो आला की धावतात, मी रोज तिथून गाडी काढतो, आज जरा थांबलो.

दुसरी, जो. पहिल्या तासात सगळं गाव त्याला घाबरतं आणि रस्त्याला लागल्यावर तोच सगळ्यात आधी तुटतो. आणि त्याच्या मागं मागं फिरणारा मारिओ कसा होत जातो. तेलाच्या डबक्यात मारिओ त्याच्या पायावरून गाडी घालतो, थांबला तर चाकं रुततील म्हणून थांबत नाही. मी तोंडावर हात ठेवला. नंतर त्यालाच मांडीवर घेऊन त्याच्याशी पॅरिसच्या गल्लीबद्दल बोलत बसतो, त्या कुंपणाच्या मागं काय होतं ते आठवत आठवत.

पण शेवट मला पटला नाही, खरं सांगतो. माल पोहोचला, आग विझली, चौघांतला एकटा वाचला, डबल पैसे हातात आले, आणि परत येताना रेडिओवर वॉल्ट्झ नाचाची धून लावून गाडी डुलवत डुलवत दरीत? एवढं सगळं पार करून? दिग्दर्शकाला त्याला मारायचंच होतं म्हणून मारला असं वाटलं. हातातलं ते पॅरिसमधल्या पिगालचं मेट्रोचं तिकीट बघून रडू आलं, पण चिडही आली.

जुना_पडदा_धुळे

मी तुमच्या बाजूने आहे. अडीच तास प्रत्येक धोका कारणासकट दाखवला, लाट का, फळी का, तेल का. आणि शेवटी मात्र नाचाशी कट करून करून मारलं. इकडं हॉटेलात मारिओवर जीव असलेली ती पोरगी नाचतेय, तिकडं ट्रक नाचतोय. मोठा पिक्चर आहे, माझ्या पहिल्या पाचात आहे, पण ही शेवटची पाच मिनिटं मला कायम दिग्दर्शकाची वाटत आलीत, मारिओची नाही.

रावेर_लाईन

नाही दादा, इथं मी तुमच्याशी भांडणार.

काकांना मी शेवट झाल्यावर हेच विचारलं, तुम्हाला पटलं का. ते म्हणाले, बावीस वर्षांत त्यांच्या ओळखीचे जेवढे ड्रायव्हर गेले त्यातले जास्त रिकाम्या गाडीवर गेले. भरलेली गाडी असली की माणूस जागा असतो, माल असतो, मालक असतो, टायमात पोचायचं असतं, गाडीच तुला सांगते हळू. माल उतरला, पैसे खिशात आले, गाडी हलकी झाली, घर जवळ आलं, की हात मोकळा सुटतो. आणि मारिओ किती रात्री झोपलेला नाही ते मोजा. कंपनी त्याला गाडी चालवायला दुसरा ड्रायव्हर देत होती, तो नको म्हणतो. काकांच्या मते पिक्चरमधला सगळ्यात खरा भाग तोच. त्यांनी स्वतः बऱ्हाणपूरच्या अलीकडं, घरापासून दोन तासांवर, रिकामी गाडी झाडाला घातली होती १९९८ ला. पाय अजून वाकत नाही नीट. ते गाणंच म्हणत होते तेव्हा.

चोपडा_चौफुली

हे वाचून परत शेवट लावून बघितला. काकांना नमस्कार सांगा भाऊ.

यावल_विहीर

दुसऱ्या गाडीतल्या लुइजी आणि बिंबाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, आता सगळ्यांनी बघितलाय.

लुइजीच्या छातीत सिमेंट बसलंय, डॉक्टरने सांगितलंय त्याला. बिंबाने नाझींच्या मिठाच्या खाणीत दिवस काढलेत. हे दोघं सगळ्यात हुशारीने काम करतात, दगड पण तेच फोडतात. आणि ते कसे गेले हे क्लुझो दाखवतच नाही. आपण मागच्या गाडीत आहोत, जो सिगारेट वळतोय, कागदावर तंबाखू पसरलाय, आणि तो तंबाखू एकदम उडून जातो. मग उजेड. काय चुकलं, कुठं हादरा बसला, काही नाही. पिक्चरमध्ये एवढ्या गोष्टींची कारणं दिलीत आणि ह्याचं दिलं नाही, आणि बरोबर केलं, कारण तिथं सांगायला उरलेलं कोणी नसतं.

आबांनी दगडाचा सीन झाल्यावर मोबाईल परत दिला नव्हता, पुढं बघत राहिले. पुढं काय होणार मला माहिती होतं, त्यांना नाही. तंबाखू उडाला, पडद्यावर उजेड पडला, आणि आबांचा अंगठा करंगळीच्या पेरावर गेला.